फिलाडेल्फियातले चार दिवस आणि एक कॉलेज

लेकीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो की आमचं फिरणं ठरलेलं असतं. देऊळ, इंडियन ग्रोसरी, न्यूयॉर्कची एक धावती फेरी आणि उरलेला वेळ नातीच्या शाळेच्या वेळा सांभाळणं. २०१९ च्या ऑक्टोबरात मात्र मी हट्ट धरला. फिलाडेल्फियाला जायचं, आणि सकाळी जाऊन रात्री परत असं नाही, चांगलं राहून यायचं. कारण जुनं होतं. माझं माहेर कल्याणचं. कल्याणच्या जोश्यांची यमुना, म्हणजे लग्नानंतरची आनंदीबाई, १८८६ साली या शहरात डॉक्टर झाली हे शाळेत बाईंनी इतक्या वेळा सांगितलं होतं की फिलाडेल्फिया हे कल्याणच्या पुढचंच एखादं स्टेशन असावं असं मला बरीच वर्षं वाटत असे.

ह्यांचं म्हणणं साधं होतं. "घंटा बघायची, फोटो काढायचा, परत यायचं. चार दिवस काय करणार तिथे?"

पहिला दिवस, गुरुवार १० ऑक्टोबर

एडिसनहून ट्रेंटन आणि तिथे गाडी बदलून फिलाडेल्फिया. ट्रेंटन सोडल्याबरोबर डेलावेअर नदी लागते. शेजारच्या पुलावर माणसाहून उंच अक्षरांत लिहिलंय की ट्रेंटन बनवतं आणि जग घेतं. बनवणारे बहुतेक कारखाने गेले, अक्षरं राहिली. याच नदीच्या वरच्या अंगाला १७७६ च्या नाताळच्या रात्री वॉशिंग्टनने बर्फाच्या लाद्यांमधून होड्या घालून सैन्य पार केलं आणि सकाळी ट्रेंटनमधल्या भाडोत्री जर्मन पलटणीवर झडप घातली. सणासुदीला शत्रू गाफील असतो हे आपल्याला लाल महालापासून ठाऊक आहे, त्यामुळे हे प्रकरण मला लगेच पटलं.

हॉटेलात सामान टाकून चालतच निघालो. शहर चालायला सोपं आहे. विल्यम पेन या क्वेकर, म्हणजे एका शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या, माणसाने १६८२ मध्ये ते वसवलं तेव्हा लंडनचा प्लेग आणि १६६६ ची मोठी आग त्याच्या डोळ्यांसमोर होती. म्हणून रस्ते रुंद, सरळ आणि काटकोनात. उभ्या रस्त्यांना आकडे, आडव्यांपैकी बऱ्याच रस्त्यांना झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. सदाशिव पेठेत वाढलेल्या ह्यांना पत्ता न विचारता पोहोचता येतं याचंच नवल वाटत होतं.

इंडिपेंडन्स हॉलसाठी वेळ नोंदवून तिकीट घ्यावं लागतं. आमची वेळ दोनची. तपासणीच्या रांगेत ह्यांच्या पिशवीतला शंकरपाळ्यांचा डबा उघडायला लावला. गणवेशातल्या बाईंनी एक शंकरपाळी डोळ्यांपुढे धरून निरखली आणि हसून डबा परत दिला.

इमारत विटांची, वर पांढरा मनोरा. १७३२ मध्ये काम सुरू झालं ते १७५३ पर्यंत चाललं, आणि बांधली होती पेन्सिल्व्हेनिया वसाहतीच्या विधिमंडळासाठी. ज्या सभागृहासाठी लोक समुद्र ओलांडून येतात ते आपल्या शाळेतले दोन वर्ग जोडले तर होईल एवढंच. हिरवी कापडं घातलेली टेबलं, त्यांवर पिसांच्या लेखण्या. स्वातंत्र्याचा ठराव खरं तर २ जुलै १७७६ ला झाला, ४ तारखेला जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर झाला आणि बहुतेकांच्या सह्या पडल्या त्या २ ऑगस्टला. अकरा वर्षांनी, १७८७ मध्ये, याच खोलीत राज्यघटना लिहिली गेली.

आमच्या गटाला फिरवणाऱ्या पार्क रेंजरने सरळच सांगून टाकलं की मूळ सामान इंग्रज शहरात होते तेव्हाच गेलं. आत्ता दिसतंय ते त्या काळातलं, पण या खोलीतलं नव्हे. अपवाद समोरच्या खुर्चीचा. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय. घटना तयार होत असताना वॉशिंग्टन तिच्यावर बसायचा. सह्या होत असताना म्हातारा बेंजामिन फ्रँकलिन म्हणाला होता, हा सूर्य उगवतोय की मावळतोय हे मला इतके दिवस कळत नव्हतं, आता कळलं, उगवतोय. मी पाच मिनिटं त्या सूर्याकडे बघितलं. फ्रँकलिनची अडचण रास्त होती. लाकडातला अर्धा सूर्य बघून काही ठरवता येत नाही.

समोर रस्त्यापलीकडे लिबर्टी बेल. गर्दी तिच्याभोवती. लंडनहून १७५२ मध्ये घंटा आली आणि पहिल्याच चाचणीत तडकली. पास आणि स्टो या दोन स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. आवाज आवडला नाही म्हणून परत ओतली. वजन २०८० पौंड, म्हणजे साडेनऊशे किलोच्या आत. १७७७ मध्ये इंग्रज येणार अशी बातमी आली तेव्हा वितळवून तोफा ओततील या भीतीने ती शहराबाहेर नेऊन अॅलनटाऊनच्या चर्चमध्ये लपवली. हे वाचताना मला वसईच्या घंटा आठवल्या. चिमाजीअप्पांच्या विजयानंतर चर्चमधल्या घंटा आपल्याकडे आल्या आणि भीमाशंकरला, मेणवलीला देवळात टांगल्या गेल्या. त्या अजून वाजतात. ही वाजत नाही.

आणि फोटोत दिसते ती रुंद फट म्हणजे तडा नव्हेच, ती दुरुस्ती आहे. बारीक तड्याच्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून १८४६ मध्ये तो मुद्दाम कोरून रुंद केला, वॉशिंग्टनच्या जयंतीला घंटा वाजवली, आणि दुसरा तडा वर चढत गेला. 'लिबर्टी बेल' हे नावही १७७६ चं नाही. १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी ते रुळवलं, कारण घंटेवर बायबलमधली ओळ आहे, देशातल्या सर्व रहिवाशांना स्वातंत्र्य घोषित करा अशी. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की 'सर्व' म्हणजे कोण?

उत्तर त्या दाराशीच आहे. घंटेच्या इमारतीला लागून कमरेएवढ्या ते डोक्याएवढ्या भिंती, वर छप्पर नाही, रिकाम्या चौकटी. शहर १७९० ते १८०० राजधानी होतं तेव्हा राष्ट्राध्यक्षांचं घर इथे होतं. मूळ घर पाडलं गेलं, आता फक्त त्याचा आकार उभा केलाय. इथे वॉशिंग्टनच्या घरात नऊ गुलाम होते, त्यांची नावं दगडात कोरली आहेत. पेन्सिल्व्हेनियाचा कायदा असा की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर मोकळा होऊ शकतो. मग वॉशिंग्टन काय करायचा? मुदत भरत आली की त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचा. ओना जज ही वॉशिंग्टनच्या बायकोची, मार्थाबाईंची दासी. २१ मे १७९६ ला घरचे जेवायला बसलेले असताना ती दारातून चालत बाहेर पडली, जहाजाने न्यू हॅम्पशायरला गेली आणि १८४८ मध्ये मरेपर्यंत हाती लागली नाही. तिला पकडून देणाऱ्याला बक्षीस म्हणून पेपरात जाहिरात दिली होती, दहा डॉलरची.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना. ती अर्पणपत्रिका मला नेहमीच मोठी वाटत आली आहे. या छप्पर नसलेल्या घरात उभं राहून ती आठवली तेव्हा वाटलं, त्यातले 'लोक' कोण ते जोतीरावांनी नेमकं निवडलं होतं.

घंटेची रांग संपत नव्हती. इथे आम्ही, एक शाळेची सहल आणि कुत्रा फिरवणारे एक आजोबा.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी एल्फ्रेथ्स अॅली. अॅली म्हणजे आळीच, शब्दाने आणि दिसण्यानेही. दगडी फरशी, दोन्ही बाजूंना चिकटून ३२ घरं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १८३६ पर्यंत बांधलेली, आणि सगळ्यांत लोक राहतात, संग्रहालयाची तेवढी सोडून. लोहार, शिंपी, जहाजांची कामं करणारे अशांची ही वस्ती. एका वरच्या खिडकीबाहेर तीन आरशांची जुळणी होती. खाली दारात कोण आलंय ते वरच्या वर बघता यावं म्हणून. तिला इथे 'बिझीबॉडी' म्हणतात. पुण्यात ही सोय आरशांशिवाय होते. भिंतींवर लोखंडाचे बिल्ले दिसतात, एकमेकांची मनगटं धरलेले चार हात. घराचा आगीचा विमा उतरवलाय याची ती खूण, आणि ती कंपनी फ्रँकलिन आणि मंडळींनी १७५२ मध्ये काढली.

या शहरात फ्रँकलिन टाळताच येत नाही. विमा त्याचा, वाचनालय त्याचं, रुग्णालयात हात त्याचा. आपल्याकडे एखाद्या तालुक्यात एकच माणूस सोसायटी, शाळा आणि दूध डेअरी काढतो तसं. त्याची कबर ख्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत कुंपणाला लागूनच आहे. काटकसरीचे धडे देणाऱ्या या माणसाच्या दगडावर लोक नाणी टाकतात. ह्यांनीही एक पेनी टाकली, मग म्हणाले, "वाचवली असती तर त्याला जास्त आवडलं असतं."

बेट्सी रॉसचं घर बाहेरून बघितलं. अमेरिकेचा पहिला झेंडा तिने शिवला ही गोष्ट तिच्या नातवाने १८७० मध्ये, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी, जाहीरपणे सांगितली. कागदाचा पुरावा नाही. रांग मात्र होती.

मला सगळ्यात जास्त वेळ थांबवलं फ्रँकलिन कोर्टाने. मार्केट स्ट्रीटवरून एका बोळातून आत शिरायचं, वाड्यात शिरावं तसं. आत चौक. चौकात घर नाही. पांढऱ्या पोलादी नळ्यांची घराच्या आकाराची एक रेघ आकाशात काढून ठेवलीय, भिंती, छप्पर, धुराडी, सगळं फक्त कडांपुरतं. फ्रँकलिनचं घर त्याच्या वारसांनी १८१२ मध्ये पाडलं. ते दिसायचं कसं याचं खात्रीचं चित्र उपलब्ध नव्हतं. १९७६ च्या द्विशताब्दीला पुन्हा बांधायची वेळ आली तेव्हा वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंचुरीने खोटं घर बांधायचं नाकारलं आणि हा सांगाडा उभा केला. खाली काचेतून मूळ पाया आणि शौचकूप दिसतात. फरशीवर फ्रँकलिन आणि त्याची बायको डेबोरा यांच्या पत्रांतली वाक्यं कोरलीत. घर बांधून होत असताना तो लंडनला. दार कुठे, पडदे कुठले, सगळं पत्रातून. ती १७७४ मध्ये गेली तेव्हाही तो लंडनलाच होता. फरशीवरची पत्रं वाचत चालताना कोणाचं घर बघतोय ते कळतं. घर तिचं होतं.

रस्त्याकडेच्या भागात एक चालू टपाल कार्यालय आहे. फ्रँकलिन १७७५ मध्ये पहिला पोस्टमास्टर जनरल झाला. आपली पत्रं फुकट जावीत म्हणून करायच्या सहीत तो 'बी. फ्री फ्रँकलिन' असं लिहायचा आणि 'फ्री'वर कोटी साधायचा. इथे तिकिटावर तोच शिक्का हाताने मारून देतात. परदेशी पत्रावरचं तिकीट गोल असतं हेही मला इथेच कळलं. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी कल्याणला पोस्टातच कारकून होते हे आठवलं आणि मी कल्याणच्या ताईला कार्ड लिहिलं, "परवा आनंदीबाईंचं कॉलेज बघणार आहे. सविस्तर आल्यावर."

दुपारी रीडिंग टर्मिनल मार्केट. १८९३ पासूनचा बाजार, वर पूर्वी रेल्वेचे फलाट होते. जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे गाळे आहेत. डोक्याला पांढरी टोपी बांधलेल्या मुली झपाट्याने प्रेट्झेल वळत होत्या, चकलीच्या सोऱ्याशिवाय. चीजस्टेकवर आम्हा शाकाहाऱ्यांनी पाणी सोडलं, पण अख्खं सफरचंद कणकेत गुंडाळून भाजलेलं मिळालं, वरून साय. ह्यांनी दुसरं मागवलं आणि चार दिवसांबद्दलची तक्रार थांबली.

संध्याकाळी सिटी हॉल. मनोऱ्यावर विल्यम पेनचा ३७ फुटी पुतळा. त्याच्या हॅटपेक्षा उंच काही बांधायचं नाही असा अलिखित करार शहराने १९८७ पर्यंत पाळला, मग मोडला. त्यानंतर शहराचे संघ हरतच गेले असं लोक म्हणतात. २००७ मध्ये नव्या सर्वांत उंच इमारतीच्या माथ्यावर कामगारांनी पेनची छोटी मूर्ती बसवली, २००८ मध्ये बेसबॉलचा करंडक आला. लिंबूमिरची सगळीकडे असते.

तिसरा दिवस, शनिवार

लेक आणि जावई गाडी घेऊन आले, व्हॅली फोर्जला गेलो. शहरापासून सुमारे ३२ किलोमीटर. गड बघायची सवय असलेल्या माणसाने इथे तट-बुरूज शोधू नये. नुसती माळरानं, टेकड्या आणि चरणारी हरणं. इथे एकही लढाई झाली नाही. १७७७ च्या डिसेंबरात इंग्रज फिलाडेल्फियात उबेला होते तेव्हा वॉशिंग्टनचे सुमारे १२ हजार लोक इथे लाकडी झोपड्या बांधून राहिले. सहा महिन्यांत जवळपास दोन हजार मेले, गोळीने नव्हे, तर टायफस, टायफॉइड, हगवण अशा आजारांनी, आणि त्यातले बरेचसे थंडी ओसरल्यावर.

झोपड्या नव्याने बांधलेल्या आहेत. आत बाराजणांची सोय, म्हणजे सोय हा शब्द वापरायचा तर. जावई वाकून आत गेले आणि लगेच बाहेर आले. फेब्रुवारीत प्रशियाचा फॉन श्टॉयबेन आला. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. त्याने आधी शंभरेक माणसांना कवायत शिकवली, मग त्यांनी बाकीच्यांना. शौचालयं स्वयंपाकाच्या जागेपासून लांब आणि उताराला खोदायची, हेही त्यानेच लावून धरलं. मला कवायतीपेक्षा हे मोठं वाटलं.

वॉशिंग्टनचं मुक्कामाचं दगडी घर मात्र मूळचं. केवढंसं! त्यात तो, मार्था, त्याचे अधिकारी आणि नोकर, गुलाम. नातीने मोजून विचारलं, "आजी, एवढी माणसं झोपायची कुठे?" तिथल्या रेंजरला तोच प्रश्न विचारला तर तो म्हणाला, सगळेच तो विचारतात.

चौथा दिवस, रविवार

सकाळी ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी. १८२९ मध्ये उघडलेला तुरुंग, १९७१ मध्ये बंद, आता मुद्दाम अर्धवट पडका ठेवलेला. कैद्याला मारायचं नाही, साखळदंड नाहीत, फक्त एकटं ठेवायचं. एकांतात देव आठवेल आणि माणूस सुधारेल, अशी क्वेकरांच्या प्रभावातली कल्पना. कोठडीला छतातून एकच झरोका. बाहेर काढताना तोंडावर बुरखा, दुसरा चेहरा दिसू नये म्हणून. नळाचं पाणी इथे व्हाइट हाउसच्या आधी आलं होतं. माणसाचा आवाज तेवढा नव्हता. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स येऊन गेला आणि त्याने ही सुधारणा शरीराच्या छळापेक्षा भयंकर ठरवली.

मधल्या चौकात उभं राहिलं की सात इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या फाकलेल्या दिसतात. हे हळूच म्हणाले, "अंदमान." आम्ही २०११ मध्ये सेल्युलर जेल बघितलं होतं. तिथेही मधला मनोरा, मुळात सात बाहू, एकेकट्या कोठड्या, पण साठ-सत्तर वर्षांनंतरच्या आणि सुधारण्याची कल्पना वगळून. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. अल कपोन या कुख्यात गुंडाच्या सजवलेल्या कोठडीपुढे फोटोसाठी गर्दी होती. आम्ही पुढे गेलो.

आणि मग माझं काम. विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० मध्ये सुरू झालं आणि आनंदीबाईंच्या वेळी नॉर्थ कॉलेज अॅव्हेन्यूवर होतं, तुरुंगापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. जाताना एक दहा फुटी दगडी भिंत लागते आणि संपता संपत नाही. ती जिरार्ड कॉलेजची. स्टीफन जिरार्ड या धनाढ्याने मृत्युपत्रात पैसा ठेवला तो गरीब, गोऱ्या, पोरक्या मुलग्यांच्या शाळेसाठी. या भिंतीबाहेर १९६५ मध्ये महिनोन्महिने निदर्शनं झाली, मार्टिन लूथर किंगही येऊन गेले, तेव्हा कुठे १९६८ मध्ये पहिली काळी मुलं आत गेली. रस्त्याचं 'कॉलेज' हे नाव या कॉलेजवरून. आमच्या कॉलेजवरून नाही.

म्हणजे गोऱ्या मुलग्यांपुरती राखलेली भिंत आत, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला एका कॉलेजात कल्याणची आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि दमास्कसची साबात इस्लामबुली शिकत होत्या. आनंदीबाई पदवी घेऊन बाहेर पडल्या त्याच वर्षी, १८८६ च्या शरदात, ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश तिथे दाखल झाली आणि अमेरिकेतल्या आदिवासींमधली पहिली स्त्री डॉक्टर झाली.

मी एकविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. घरं, उभ्या गाड्या, भिंत. कॉलेज १९३० मध्ये ईस्ट फॉल्सला हललं, नंतर दुसऱ्या संस्थांत विलीन झालं. जुने कागद आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मला हे आधी माहीत नव्हतं असं नाही. तरी फ्रँकलिनच्या सांगाड्यासारखी हवेत एखादी रेघ, फरशीत एखादं वाक्य, असं काहीतरी असेल असं धरून चालले होते. एका घराच्या पायरीवर बसलेल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, इथे चाळीस वर्षं राहतेय, मेडिकल कॉलेज ऐकलं नाही, पण तुमची कोण होती ती? मी म्हटलं, आमच्या गावची. त्यांनी ह्यांनाही बसायला जागा करून दिली.

लेकीने त्या तिघींचा फोटो छापून दिला होता तो पर्समधून काढून त्यांना दाखवला. तिघी आपापल्या देशाच्या वेशात, आनंदीबाई साडीत, नजर थेट कॅमेऱ्यात. पुढच्या मार्चमध्ये, ११ तारखेला, तिला पदवी मिळणार होती. पंडिता रमाबाई समारंभाला येणार होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक तशीच राहिली. तिची रक्षा न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला पुरलीय. बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि खालची तारीख वाचली: १० ऑक्टोबर १८८५. "गुरुवारीच झाली की," त्या म्हणाल्या.

ऊन कललं, ह्यांचे पाय दुखायला लागले, आम्ही बस पकडली.

डिसेंबरात परतल्यावर कल्याणला गेले. कार्ड माझ्याआधी महिनाभर पोहोचलेलं, टीव्हीशेजारी उभं करून ठेवलेलं. ताईने चहा पुढे ठेवत पहिलं तेच विचारलं, "काय गं, सापडलं का कॉलेज?"

"भिंत सापडली," मी म्हटलं, आणि कार्ड उलटून बघितलं. फ्रँकलिनच्या शिक्क्याचा अर्धाच भाग उरला होता. गोल तिकीट तिच्या नातवाने पाण्यात भिजवून सोडवून घेतलं होतं.